मेलेल्या माणसाची थुंकी

आदरणीय मामा,

तुमची भाची चिबेसा हिचा गुडघे टेकून नमस्कार. टाळ्या पण वाजवल्यात, पण त्या कागदावर उमटत नाहीत, तेव्हा वाजल्या असं धरून चाला. तुमची छाती कशी आहे? खाणीतला खोकला अजून पहाटे उठवतो का? मामीच्या गुडघ्याला गरम वाळूचा शेक देता का, की ती नुसतीच देवाला दोष देत बसते? आणि तुमचा तो बोकड, जो रविवारी पाद्रीबाबांच्या मागं लागायचा, तो विकलात की खाल्लात? आम्ही इकडं लुसाकाला मजेत आहोत (असं पत्रात लिहायचं असतं, म्हणून लिहिलं). फोन का केला नाही म्हणाल, तर फोन ओबेदचा, आणि खोली एकच. बोललेलं सगळं भिंतीला नाही तर नवऱ्याला ऐकू जातं. म्हणून पेन घेतलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं राख उकरल्यासारखं आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे, मामीकडून वाचून घ्या, पण शेवटचा भाग मात्र तुम्ही एकट्यानं वाचा.

तर मामा, मी एका मेलेल्या माणसाला भेटून आले. पुस्तकांच्या दुकानात. भूत नव्हतं, जेवून आलेला माणूस होता, शर्टावर भाजीचा डाग होता. पण हे असं मधूनच सांगितलं तर तुम्ही म्हणाल पोरीचं डोकं फिरलं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुमचा नातू जन्मला तेव्हा आमच्या आजेसासूला स्वप्न पडलं. आपल्यात नाव आपण ठेवत नाही, नावच घर शोधत येतं, हे मी तुम्हाला काय सांगू. पण मामा, येताना निदान भावकीतलं तरी यावं ना! आजीच्या स्वप्नात दारात एक माणूस उभा, पायात वीतभर उंच टाचांचे बूट, पँट खाली झाडूसारखी पसरलेली, आणि केस एवढे की दारातून आत शिरेनात. आजी सकाळी उठली आणि म्हणाली, हा झेफानिया जेरे, याला आपल्या घरी परत यायचंय. झेफानिया जेरे म्हणजे ते जुने रॉकवाले. तुमच्या तरुणपणी खाणीच्या हॉलमध्ये गिटार वाजवायचे, करवतीच्या कारखान्यासारखा आवाज यायचा म्हणतात. आजी तेव्हा त्या हॉलच्या खिडकीत चढून बघायची. (माझ्या मते असं स्वप्न पडायला मेलेला माणूस लागतोच असं नाही, तरुणपणाची आठवण पण पुरते. पण हे मी तोंडानं बोलले नाही, मला त्याच घरात राहायचंय.) ते मेले हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. एड्सच्या त्या वर्षांत रेडिओवर सांगितलं होतं, आणि त्यांच्या बँडमधला एकही माणूस उरला नव्हता. आता मेलेल्यानं नाव दिलं तर नाही कोण म्हणणार? ओबेद म्हणाला, न्गोनी जमातीचा माणूस आपल्या बेम्बाच्या घरात कशाला घुसवता, उद्या पोरगं त्यांच्यासारखं खायला उंदीर मागेल. आजीनं त्याच्या डोक्यात पळी घातली आणि पोराचं नाव झेफानिया पडलं. आम्ही झेफा म्हणतो.

झेफा पहिले काही महिने चांगला होता. मग थंडी आली आणि त्याचं रडणं सुरू झालं. भुकेचं नाही. भुकेचं रडणं आईला कळतं. हे कुणी हाड मुरगाळल्यासारखं. डोळे पिवळट दिसायला लागले. उचलला की किंचाळायचा, ठेवला की किंचाळायचा. माझी थोरली, आपली मुम्बा, अशीच रडायची मामा, आणि मुम्बाला तुम्हीच पुरलंत. मी त्याला पाठीवर बांधून फिरायचे आणि दर थोड्या वेळानं हात मागं नेऊन बघायचे, श्वास चालू आहे का. मलेरियाचं औषध दिलं. मुम्बाला पण तेच दिलं होतं.

अशात एका दुपारी मी कणीस सोलतेय, आजी भोपळ्याचा पाला निवडतेय, आणि रेडिओवरचा माणूस म्हणतो, आज आपल्याकडं पाहुणे आहेत, थोर रॉक गायक झेफानिया जेरे, त्यांनी आपल्या आयुष्यावर पुस्तक लिहिलंय. आणि मामा, मेलेला माणूस खाकरला आणि म्हणाला, नमस्कार. आजीच्या हातातला पाला उडाला. आधी ती त्या रेडिओवाल्यालाच बोलली, म्हणाली, ठरवा की मेल्यांनो एकदा काय ते! मग माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पाठीवरच्या झेफाकडं, आणि तिथंच खाली बसली. म्हणाली, नाव एक आणि श्वास दोन. तो म्हातारा अजून ओढतोय, आणि हे लेकरू पण त्याच नावानं ओढतंय. आता यात कोण कुणाला ओढून घेईल, सांग. मी कणीस टाकलं आणि हात मागं नेऊन झेफाचा श्वास बघितला.

शेवटी आजीनंच उपाय काढला. ज्याचं नाव घेतलं तो माणूस जिवंत असेल तर त्याला विचारून घ्यायचं असतं. त्यानं पोराला मांडीवर घ्यायचं, तोंडात पाणी धरून पोराच्या छातीवर फुंकायचं, मनगटाला पांढरा मणी बांधायचा आणि म्हणायचं, दिलं. म्हातारा शनिवारी त्या मोठ्या मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानात वाचून दाखवणार होता आणि सह्या देणार होता. आजी म्हणाली, जा, आणि थुंकी घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. आणि रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून माझ्या हातात पांढरी कोंबडी दिली.

मामा, मॉलमध्ये कोंबडी नेऊन बघा एकदा. मिनिबसमध्ये कुणी काही म्हटलं नाही, उलट एक बाई म्हणाली, अंडी देते का? पण दुकानाच्या दारात रखवालदार, कडक इस्त्रीचा. म्हणाला, बाई, पिशवी इथं ठेवायची. मी म्हटलं, ठेवते. पिशवीतून कोंबडीनं मान काढली आणि त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, हे काय? मी म्हटलं, आत जे वाचणार आहेत त्यांच्यासाठी. त्यानं खूप विचार केला, नियमांत कोंबडीबद्दल काही नव्हतं बहुतेक, मग छत्र्या ठेवतात त्या फळीवर तिला ठेवली.

आत गार हवा आणि माणसं दोन प्रकारची. एक आपले म्हातारे, ट्रंकेतून काढलेल्या जुन्या रुंद पँटा घालून, पोटावर बटण लागेना तरी आलेले. आणि दुसरे गोरे, लांबून आलेले, छातीशी जुन्या रेकॉर्ड धरून, जशी मी झेफाला धरते तशा. समोर खुर्चीवर एक लहानसा वाळका म्हातारा, डोक्यावर लोकरीची टोपी, दोन्ही कानांत यंत्रं, दोरीला बांधलेला चष्मा. मी म्हटलं हा कुणाचा तरी आजोबा चुकून पुढं बसलाय. तेच ते. केस नाहीत, टाचा नाहीत, काही नाही. (आजीला हे मी सांगितलं नाही. म्हातारीच्या तोंडातलं काढून घेऊ नये.)

त्यांनी वाचलं ते स्वतःच्याच मरणाचं. रेडिओवर बातमी आली तेव्हा ते चिपाटाला भावाच्या शेतात मका खुडत होते. बस पकडून घरी आले तर अंगणात मांडव, बायका रडतायत, शेगडीवर मोठ्या पातेल्यात मक्याच्या पिठाचा न्शिमा घोटणं चाललंय. ते मागच्या बाजूनं शिरून आधी जेवले, कारण म्हणाले, एवढ्या चांगल्या जेवणाला मला जिवंतपणी कुणी बोलावलं नव्हतं. लोक खूप हसले. मी पण हसले असते, पण झेफा कण्हायला लागला. आधी बारीक, मग मोठ्यानं. माना वळायला लागल्या. एक बाई शू: म्हणाली. मी त्याला हलवत पुस्तकांच्या कपाटांमागं गेले, तिथं सगळी पुस्तकं लेकरं कशी वाढवावीत याचीच होती. मी एकाही पुस्तकाला हात लावला नाही. मला वाटलं, ती माझ्याकडं बघून बोट दाखवतायत.

मग रांग लागली. मी उभी राहिले. दुकानातली एक पोरगी आली, छान केस, गळ्यात बिल्ला, म्हणाली, ताई, पुस्तक घेतलंय का? सही पुस्तकावरच मिळेल. मी म्हटलं, मला सही नको. मग काय पाहिजे? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मला त्यांची थुंकी पाहिजे. ती पोरगी मागं सरकली आणि रखवालदाराकडं बघायला लागली. तेवढ्यात माझ्या पुढच्या गोऱ्यानं, यान नाव त्याचं, हॉलंडचा, मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, ती पण जुनी वस्तू म्हणून जपतात का? त्याला वाटलं असेल आपणच मागं राहिलो.

माझी पाळी आली. त्यांनी मान वर केली नाही. हातात पेन. "नाव काय लिहू?"

"झेफानिया जेरे," मी म्हटलं.

"ते माझं. ते मी खाली लिहितोच. वर तुझं सांग."

"माझं नको, बाबा. याचं. याचं नाव झेफानिया जेरे." आणि मी कमरेच्या चितेंगे कापडाची गाठ सोडून पाठीवरचं लेकरू पुढं घेतलं.

"काय?" त्यांना ऐकू येत नाही मामा. एवढी वर्षं त्या मोठ्या कर्ण्यांसमोर उभं राहून कान गेलेत. मी ओरडले, "याला तुमचं नाव दिलंय! तुम्ही मेलात असं समजून!"

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "कुठली गं तू?"

"लुविंगूची. बेम्बा."

झालं! पेन टेबलावर आपटलं. "बेम्बा! तरीच! अरे रखवालदार, दार लाव, खिसे सांभाळा! माकडं खाऊन खाऊन संपली, आता न्गोनी माणसाची नावं खायला निघाले!"

लोकांना वाटलं म्हातारा चिडला. ती बिल्लेवाली पोरगी पांढरी पडली. (नवी पिढी, तिला कुणी शिकवलंच नसेल.) पण तुम्हाला माहितीये ना मामा, न्गोनी आपले थट्टेचे भाऊ. आजोबांच्या मयताला ते न्गोनी शेजारी खड्ड्यात आडवे झाले होते, आधी बीअर, मग म्हातारा, म्हणून हटून बसले होते, आणि आई रडता रडता हसली होती. त्यांनी शिवी दिली की उलटून द्यायचीच असते, नाही दिली तर अपमान. मी घाबरले होते, तरी जीभ आपोआप सुटली. मी ओरडले, "तुम्ही उंदराच्या मागं बिळात शिरलात आणि बाहेर आलाच नाहीत, मग आम्ही काय समजायचं? नाव नुसतं पडून होतं, उचललं!"

म्हातारा एवढा हसला की कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं. म्हणाला, "दहा देशांत फिरवतात हे पुस्तकवाले मला. सगळे आदरानं बोलतात. कंटाळलो होतो गं चोरटे! बस."

मग मी त्यांना आजीचं म्हणणं सांगितलं. दोन श्वासांचं सांगितलं. ओरडूनच सांगावं लागलं, म्हणजे सगळ्या रांगेला कळलं. त्यांनी थट्टा थांबवली नाही, म्हणाले, आण इकडं तो माझा सावकार, श्वास मागायला आलाय. मांडीवर घेतला. बाटलीतलं पाणी तोंडात धरून झेफाच्या छातीवर फुर्रकन फुंकलं, झेफा दचकून गप्प झाला. यान फोटो काढत होता. मग मी आजीनं दिलेला पांढरा मणी आणि दोरा पुढं केला. ते बांधायला गेले आणि दोरा पुरेना. मामा, आजीनं तो दोरा महिन्यापूर्वीच्या मनगटाच्या मापानं कापला होता. त्यांनी जरा ओढला आणि झेफा असा किंचाळला की रखवालदार आत धावत आला.

म्हाताऱ्यानं दोरा सोडला. झेफाची बोटं एकेक करून बघितली, भुईमुगाच्या टपोऱ्या शेंगांसारखी सुजलेली. पाय बघितले. खालची पापणी ओढून डोळा बघितला. मग डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं आता ते नाव परत घेणार.

"याच्या आधीचं लेकरू?" त्यांनी विचारलं.

"होती. मुम्बा."

"तिची बोटं अशीच?"

मी हो म्हणून मान हलवली. ही मान मी आधी कधी कुणापुढं हलवली नव्हती, कारण असं कुणी विचारलंच नव्हतं.

मग ते मला खासगीत बोलले. म्हणजे त्यांना वाटलं खासगीत. कान गेलेला माणूस, त्याला आपला आवाज कळत नाही. सगळ्या दुकानानं ऐकलं. म्हणाले, माझे दोन पोरगे असेच गेले. मी बाहेर गाणी म्हणत फिरायचो. घरी आलो की बायको म्हणायची, नाव लागत नाही पोराला, बदलू या. धाकट्याचं नाव मी चार वेळा बदललं. दर वेळी मोठं जेवण घातलं, दर वेळी एक बुवा आणला. शेवटी त्याच्या थडग्यावर कुठलं नाव लिहायचं यावरून माझं आणि तिचं भांडण झालं. तिथं अजून नुसता दगड आहे. कुणी नंतर सांगितलं, रक्ताचा आजार होता. नावं ऐकत नाही तो.

त्या रुंद पँटवाल्यांतला एक जण नाक शिंकरत होता.

मला रडू यायला लागलं. तर त्यांनी टेबलावर थाप मारली आणि पुन्हा मोठा आवाज काढला. "ए बेम्बे! रडतेस कशाला? ऐक. मी तुझा थट्टेचा भाऊ. तुझ्या घरी मयत झालं तर पाणी मी भरायचं, खड्ड्यात मी झोपायचं, लोकांना मी हसवायचं. बरोबर? तर सांगून ठेवतो, मी येणार नाही. माझी कंबर दुखते. हसवायला माणूस नाही म्हटल्यावर तुला याला पुरता येणार नाही, आणि पुरता येत नाही तर मरू द्यायचं नाही. नाव दिलं. कायमचं दिलं. आता उठ आणि इस्पितळात जा. आज. घरी न जाता."

आणि यानकडं वळले. "तुझ्याकडं गाडी आहे? सही पाहिजे? आधी हिला पोचव, मग ये, आहे तेवढ्या सगळ्या रेकॉर्डवर सही देतो. आणि ती कोंबडी पण घेऊन जा, मला ऐकू येत नाही पण मघापासून दिसतेय ती."

असं मामा, मी मोठ्या इस्पितळात गोऱ्याच्या भाड्याच्या गाडीतून गेले. तो बिचारा लेकरांच्या वॉर्डाबाहेर बाकावर कोंबडी मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसला. नर्सबाई त्याला सारखी विचारायची, तुम्ही कोण लागता? तो म्हणायचा, मी सहीसाठी आलोय. मग कोंबडी त्यालाच दिली. काय केलं देव जाणे, विमानात घेत नाहीत म्हणे.

झेफाचं रक्त घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्याएवढ्याच असतील, पण शांत बोलतात. म्हणाल्या, याच्या रक्तातले दाणे गोल राहत नाहीत, विळ्यासारखे वाकतात आणि वाटेत अडकतात, म्हणून हाडं दुखतात. जन्माचं आहे, जाणार नाही, पण औषध वेळेवर दिलं, पाणी भरपूर पाजलं, ताप आला की धावत आणलं तर पोरं मोठी होतात, शाळेत जातात, लग्नं करतात. मी विचारलं, आणि नाही आणलं तर? त्या झेफाच्या नळीतलं पाणी नीट चालतंय का ते बघायला लागल्या. आठवडा झाला, अजून इथंच आहोत. काल त्यानं बोटं मुठीत धरली आणि रडला नाही. मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला उठवून दाखवलं.

आजी येऊन गेली. पोरगं गप्प बघून म्हणाली, बघितलंस, थुंकी लागू पडली. मी हो म्हटलं. तिला तिचा माणूस मिळाला, मला माझं पोरगं. भांडायचं कशाला?

मामीला गुडघे टेकून. सगळ्या लहानांना गोड पापे. तुमच्या छातीला ऊब मिळो आणि बोकडाला अक्कल येवो.

तुमची भाची,
चिबेसा

ता. क. आता इथून पुढचं मामीला वाचू देऊ नका. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा आजार आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा येतो, दोघांकडून आल्याशिवाय होतच नाही. मी हे ओबेदला सांगितलं. तो म्हणाला, आमच्या रक्तात असलं काही नाही, आमच्याकडं माणसं नव्वदीला मरतात. इस्पितळात तो दारापर्यंत येतो, डॉक्टरीणबाईंपुढं बसत नाही. त्याचे काका म्हणतायत की दोन्ही पोरं माझ्याच रक्तानं खाल्ली. झेफा जिवंत आहे, तरी ते दोन्ही म्हणतात. झेफा घरी आला की बैठक बसवणार आहेत, मला तुमच्याकडं परत पाठवायची. मामा, तुम्ही मोठे, जावयाला तुम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्ही या, त्याचा हात धरा आणि त्याला त्या बाईंपुढं खुर्चीत बसवा. त्यांचं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकायला पाहिजे. मी सांगितलेलं पुरत नाही.

पुन्हा ता. क. बैठकीच्या आधीच या. मला परत दिवस गेलेत. अजून कुणालाच सांगितलेलं नाही, डॉक्टरीणबाईंना पण नाही, कारण त्या काय म्हणतील ते ऐकायला मला एकटीनं बसायची भीती वाटते.